वाचकांचे प्रश्न : मोठे वनस्पती उद्यान पाहायला निघताना

हिवाळी सहलींचे बेत आखले जाऊ लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळी खान्देशातून आलेल्या पत्रांत उष्ण कटिबंधातील वनस्पती उद्यानांविषयी इतके प्रश्न होते की संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची ओळख गावापुरती ठेवली आहे.

प्रश्न (जळगाव) : आम्ही सेवानिवृत्त शिक्षकांचा एक गट डिसेंबरात कोलकात्याला जाणार आहोत. प्रवास आखून देणाऱ्या गृहस्थांनी हावड्याजवळील शिबपूरच्या वनस्पती उद्यानासाठी एक तास ठेवला आहे. 'वडाचे झाड पाहिले की बाग पाहिली,' असे ते म्हणतात. एवढा वेळ पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही, आणि त्या गृहस्थांचे म्हणणे बागेवर अन्याय करणारे आहे. हुगळीच्या पश्चिम काठावरील या उद्यानाचे आजचे नाव आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान असे असून त्याचे क्षेत्र सुमारे २७० एकर आहे. तो प्रसिद्ध वड प्रवेशद्वारापासून बराच आत आहे आणि ज्येष्ठ मंडळींच्या चालीने तेथवर जाऊन परत येण्यातच आपला तास संपेल. किमान अर्धा दिवस राखून ठेवावा, उद्यान उघडताच आत शिरावे आणि सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी उद्यान बंद असते. प्रवासाचे म्हणाल, तर या बाबतीत आपण खान्देशातील लोक भाग्यवान आहोत. मुंबई–हावडा मार्गावरील गीतांजली एक्स्प्रेस आणि हावडा मेल भुसावळवरून जातात, अहमदाबादहून हावड्याला जाणारी गाडी नंदुरबारमार्गे येते, आणि साधारण एका दिवस-रात्रीच्या प्रवासात, दशम्यांचा डबा संपण्यापूर्वीच, आपण हावड्याला उतरता.

वडाविषयी आधी लिहितो, कारण तो पाहताना बहुतेक लोक भलत्याच ठिकाणी पाहत राहतात. ते मधला मूळ बुंधा शोधतात आणि तो तेथे नाहीच. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत या झाडाला इजा झाली, जखमांतून बुरशी आत शिरली आणि अखेर १९२५ साली कुजलेला मुख्य बुंधा कापून काढावा लागला. तेव्हापासून हे झाड केवळ पारंब्यांवर उभे आहे. जमिनीत रुजून खोडासारख्या झालेल्या तीन हजारांहून अधिक पारंब्यांनी साडेतीन एकरांहून मोठा पसारा तोलून धरला आहे. झाडाभोवती सुमारे ३३० मीटर लांबीचा रस्ता केला होता. झाड त्याच्याही पलीकडे गेले. त्याचे वय अडीचशे वर्षांहून अधिक मानतात, म्हणजे बाग स्थापन होण्याआधीपासून ते तेथे आहे. वटपौर्णिमेचे सूत येथे नेमके कशाभोवती गुंडाळायचे, हा प्रश्न आपल्या गटातील भगिनींना पडल्याशिवाय राहणार नाही.

आता बागेविषयी. तिची स्थापना १७८७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने झाली, ती लोकांना फुले पाहायला मिळावीत म्हणून नव्हे. १७७० च्या सुमाराच्या बंगालमधील भीषण दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती, आणि मलायाकडील साबुदाण्याचा ताड येथे वाढवला तर दुष्काळात लोकांच्या पोटाला आधार होईल, असा किड यांचा एक विचार होता. (आपण उपवासाला खातो तो साबुदाणा आज त्या ताडाचा नसून टॅपिओकाच्या कंदाचा असतो.) त्याच्या जोडीला जहाजबांधणीसाठी साग आणि व्यापारासाठी मसाल्याची झाडे हवी होती. साग मात्र तेथील ओलसर गाळाच्या जमिनीत नीट पोसला नाही आणि ती लागवड सोडून द्यावी लागली. सातपुड्याच्या उतारांवर कोणी न लावता वाढलेला साग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या अपयशाचे कारण वेगळे सांगायला नको. एखादे झाड कोठे वाढते आणि कोठे वाढत नाही, हे तपासून पाहण्यासाठीच अशा बागा उभ्या राहिल्या, आणि ही बाग पाहताना तेवढे ध्यानात ठेवले तर तिची आखणीच निराळी दिसू लागते.

१७९३ साली विल्यम रॉक्सबर्ग बागेचे प्रमुख झाले. भारतीय चित्रकारांकडून त्यांनी रेखाटून घेतलेली वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक रंगीत चित्रे आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. ज्यांनी ती काढली त्या चित्रकारांची नावे मात्र बहुतांशी नोंदलेलीच नाहीत, ही मला न पटणारी गोष्ट आहे. पुढे १८७१ पासून जॉर्ज किंग यांनी वादळांनी उद्ध्वस्त झालेल्या बागेची नव्याने आखणी केली आणि तळी खोदली. ती जमिनीखालील नळांनी एकमेकांशी जोडलेली असून आजच्या बागेचे रूप बरेचसे त्यांचेच आहे. बागेतील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहात सुमारे २० लाख वाळवलेले नमुने आहेत. तो भाग अभ्यासकांसाठी असल्याने पर्यटकांनी त्याची अपेक्षा धरू नये.

वडाखेरीज आणखी तीन झाडे शोधून पाहावीत. सेशल्स बेटांवरील जोड-नारळाचे येथील झाड १८९४ साली लावलेले आहे. या ताडाची बी वनस्पतिसृष्टीतील सर्वांत जड बी असते. दुसरे झाड बंगाली लोक 'पागल गाछ' म्हणून ओळखतात, कारण त्याचे एक पान दुसऱ्या पानासारखे नसते. तिसरा कृष्णवड, ज्याच्या पानाचा तळ दुमडून द्रोणासारखा होतो. मे २०२० च्या अंफन वादळात बागेतील अनेक जुनी झाडे पडली आणि वडालाही इजा झाली, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकातील प्रत्येक झाड सापडेलच असे नाही. आत गेल्यावर माळ्यांना विचारावे. त्यांच्याइतका नेमका पत्ता कोणताही नकाशा देणार नाही.

प्रश्न (नंदुरबार) : गेल्या जानेवारीत बंगळुरूचे लालबाग पाहिले. पुष्पप्रदर्शनाच्या गर्दीत माणसांच्या पाठीच दिसल्या, आणि झाडे पाहिली तर चिंच, गुलमोहर, चाफा अशी आपल्याच ओळखीची. तिकीट काढून हे पाहायला लांब कशाला जावे?

उत्तर : पुष्पप्रदर्शनाविषयी आपली तक्रार रास्त आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास भरणारी लालबागची प्रदर्शने ही कुंड्यांतील फुलांची जत्रा असते, आणि ज्याला बाग पाहायची आहे त्याने ते दिवस सोडून जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळखीच्या झाडांबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. पुढच्या वेळी त्यांच्या खोडांवरील पाट्या वाचून पाहा. वनस्पती उद्यानातील पाटीवर झाडाचे शास्त्रीय नाव आणि कुळ असते आणि बहुतेक ठिकाणी त्याचा मूळ प्रदेशही दिलेला असतो. साधा बगीचा आणि वनस्पती उद्यान यांतला खरा फरक त्या पाटीत आहे. गुलमोहर मादागास्करचा आहे, चिंच आफ्रिकेची आहे, देवळासमोरचा चाफा मध्य अमेरिकेकडून आला, आणि ज्या कैलासपतीच्या फुलात आपल्याला शिवपिंडी दिसते ते झाड दक्षिण अमेरिकेतील आहे. आपल्या नंदुरबारच्या बाजारात ढिगांनी वाळत पडणारी मिरचीसुद्धा पोर्तुगीज जहाजांच्या काळात अमेरिकेतून इकडे आली, हे लक्षात घेतले म्हणजे अंगणातल्या झाडांकडेही माणूस नव्याने पाहू लागतो.

लालबागची सुरुवात १७६० साली हैदर अलीने केली आणि तिचे आजचे क्षेत्र सुमारे २४० एकर आहे. १८८९ मधील काचघरापाशी सगळे छायाचित्रे काढतात, पण बंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा यांचा बुरूज ज्या उघड्या खडकावर उभा आहे तेथे थोडे थांबावे. तो खडक सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आपल्या खान्देशाचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे त्याच्या मानाने कालचाच.

प्रश्न (रावेर) : आम्ही काही केळी उत्पादक फेब्रुवारीत श्रीलंकेला जात आहोत. कँडीजवळचे पेरादेनिया उद्यान कार्यक्रमात आहे. शेतकऱ्याने तेथे काय पाहावे? एखादे वेगळे वाण आढळले तर मुनवा (केळीच्या बुंध्याशी फुटणारे, लागवडीचे पिल्लू) आणता येईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. मुनवा नाही, कंद नाही, बी नाही आणि बुटांना चिकटलेली मातीही नाही. २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार लागवडीचे साहित्य आयात परवाना आणि तेथील शासनाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय देशात आणता येत नाही, आणि पर्यटकाच्या पिशवीतील मुनव्याला ही दोन्ही मिळण्याचा संभव नाही. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या तालुक्याचा विचार करा. केळीचा पर्णगुच्छ रोग, ज्याला आपण 'बंची टॉप' म्हणतो, तो भारतात १९४० च्या सुमारास श्रीलंकेतूनच आला असे मानले जाते, आणि विषाणूचे रोग लागण झालेल्या मुनव्यातूनच दूरवर जातात. मुनवा बाहेरून निरोगी दिसतो, ही यातली खरी अडचण आहे. करपा आणि सीएमव्ही (काकडी मोझॅक विषाणू) यांनी ज्या भागातील बागा उपटायला लावल्या आहेत, त्या भागातील शेतकऱ्याने ही जोखीम घेऊ नये, एवढे आग्रहाने सांगतो.

आता पाहायचे काय ते. महावेली नदीच्या वळणात वसलेले हे उद्यान सुमारे १४७ एकरांचे आहे. १८२१ साली ते वनस्पती उद्यान म्हणून सुरू झाले. आपल्याला तेथे सर्वांत आधी केळीचे भाऊबंद भेटतील. ज्याला पर्यटक हौसेने 'ताड' समजतात तो पंख्यासारखा मादागास्करचा प्रवासी-ताड मुळात ताडच नाही. पानांची मांडणी नीट पाहिली तर रावेरचा माणूस लगेच ओळखेल की हा केळीच्या गणातला आहे. हेलिकोनिया, कर्दळ, आले, हळद ही सारी त्याच गणातील. फिलिपाइन्समधील अबाका ही केळीचीच जात असून तिच्या खोडाच्या धाग्यापासून जहाजांचे दोरखंड होत. अशा उद्यानांत कोठे रानकेळी आढळली तर मात्र जरूर थांबावे. तिच्या फळात काळ्या टणक बिया ठासून भरलेल्या असतात आणि गर नावापुरता असतो. आपल्या बागेतील ग्रँड नैनला बी नाही, ती केवळ कंदावरून किंवा ऊतीसंवर्धनाने वाढते, त्यामुळे हजारो एकरांवरची झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकाच झाडाच्या प्रती असतात, ही गोष्ट त्या बिया पाहिल्यावर अधिक ठळकपणे समजते.

याच संदर्भात पेरादेनियाशी निगडित एक हकिकत शेतकऱ्यांनी जाणून घ्यावी. एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेचे डोंगर चहाचे नव्हते, कॉफीचे होते. १८६९ साली कॉफीच्या पानांवर नारिंगी तांबेरा दिसला. आरंभी मळेवाल्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. मार्शल वॉर्ड नावाचे तरुण शास्त्रज्ञ १८८० साली पेरादेनियाला आले आणि त्यांनी रोगाची बुरशी, तिचे बीजाणू आणि त्यांचा वाऱ्याबरोबर होणारा प्रसार यांचा बारकाईने अभ्यास केला. डोंगरच्या डोंगर एकाच पिकाने भरून टाकल्याने रोगाला मोकळे रान मिळाले आहे, हे त्यांनी दाखवून दिले. पण तोवर उशीर झाला होता. काही वर्षांतच बहुतेक कॉफी नष्ट झाली आणि मळेवाले चहाकडे वळले. आज आपण 'सिलोनचा चहा' म्हणून जे पाहायला जातो ते त्या रोगाने रिकाम्या केलेल्या जमिनीवर उभे आहे. केळीच्या बाबतीतही असेच घडून गेले आहे. जगभर विकले जाणारे ग्रो मिशेल हे वाण पनामा मर रोगाने गेल्या शतकाच्या मध्यास व्यापारातून जवळजवळ बाद झाले आणि त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आपली बसराई आणि ग्रँड नैन याच गटातील. त्या गटाचे नाव इंग्लंडमधील ज्या सरदार घराण्यावरून पडले, त्यांच्या चॅट्सवर्थ येथील काचघरात जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने मॉरिशसवरून आलेल्या वंशाचे ते झाड १८३० च्या दशकात फळाला आणले होते. वाण बदलून एकदा वाचता आले. आता कॅव्हेंडिशवरही मर रोगाची नवी जात आली आहे, आणि बागेत परका कंद न आणण्यामागचे हेही एक कारण आहे.

याखेरीज महाकाय बांबूचे बेट, ताडांच्या सरळसोट रांगा आणि १९०१ साली पुढे पाचवे जॉर्ज झालेल्या राजपुत्राने लावलेला कैलासपती ही सर्वांना दाखवली जाणारी स्थळे आहेतच. उंच झाडांवर दिवसा उलटी लटकलेली मोठी वटवाघळे दिसतील. त्यांच्या खाली छायाचित्रासाठी फार वेळ उभे राहू नये, कारण उघड आहे.

प्रश्न (भुसावळ) : मुलगा सिंगापूरला नोकरीस आहे. मे महिन्यात आम्ही सत्तरीचे पती-पत्नी त्याच्याकडे जाणार आहोत. तेथील वनस्पती उद्यान आम्हाला झेपेल का? उन्हाची आम्हाला सवय आहे.

उत्तर : भुसावळकरांची उन्हाची सवय तेथे फारशी कामास येत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पण हवा कोरडी असल्याने घाम झटकन सुकतो आणि अंग थंड राहते. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी लगत आहे. तेथे दुपारचे तापमान वर्षभर ३१–३२ अंशांच्या आसपास असते, परंतु दमट हवेत घाम सुकत नाही आणि थोड्याच चालण्याने माणूस गळून जातो. आकडा कमी दिसला म्हणून दुपारी बाहेर पडू नये. सुदैवाने हे उद्यान पहाटे ५ ते मध्यरात्री १२ पर्यंत रोज खुले असते आणि प्रवेश विनामूल्य आहे. केवळ राष्ट्रीय ऑर्किड उद्यानासाठी तिकीट लागते. त्यामुळे सकाळी सातच्या आत जावे आणि साडेनऊपर्यंत परतावे. छत्री जवळ असू द्यावी, कारण पावसाला तेथे ठरावीक ऋतू नाही.

उद्यान सुमारे ८२ हेक्टरांचे, म्हणजे २०० एकरांचे आणि लांबट आकाराचे आहे. एका दिवशी त्याच्या एका टोकाकडून आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाकडून आत जावे. सगळे एकदम पाहण्याचा हट्ट धरू नये. प्रवेश विनामूल्य असल्याने हे परवडते. मेट्रोचे एक स्थानक उत्तरेकडील टोकाशी आहे, ऑर्किडे आणि जुन्या वर्षावनाचा तुकडा मध्य भागात आहेत. सहा हेक्टरांच्या त्या तुकड्यातून लाकडी फळ्यांची वाट जाते आणि तेथे झाडांच्या बुंध्यांना फुटलेली भिंतींसारखी आधारमुळे दिसतात. पातळ मातीत उंच वाढणाऱ्या झाडांना ती तोलून धरतात. सातपुड्यातील सलई आणि अंजन यांच्या रानात अशी मुळे आढळत नाहीत.

१८५९ साली स्थापन झालेल्या या उद्यानाला २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यामागे रबराचा मोठा वाटा आहे. १८७७ साली लंडनच्या क्यू उद्यानातून रबराची रोपे येथे आली. १८८८ पासून प्रमुख असलेल्या हेन्री रिडली यांनी झाडाला मारक ठरणार नाही अशा रीतीने सालीला तिरकस चिरा देऊन चीक काढण्याची पद्धत बसवली आणि ते भेटेल त्या मळेवाल्याच्या हाती रबराच्या बिया देत, म्हणून लोक त्यांना 'वेडा रिडली' म्हणत. पुढे मोटारींचे युग आले आणि तोच वेडा शहाणा ठरला. हिरवळीवरचा जुना तेंबुसू वृक्षही पाहावा. मुलाला खिशातील पाच डॉलरची नोट काढायला सांगावे. तिच्यावर याच झाडाचे चित्र आहे.

प्रश्न (अमळनेर) : शाळेच्या सहलीत मुलांना वनस्पती उद्यानात नेले की ती अर्ध्या तासात कंटाळतात. शिवाय ते मोठ्या पानांचे महाकमळ कधीच फुललेले दिसत नाही. काही उपाय?

उत्तर : महाकमळाचे फूल न दिसण्यात आपला दोष नाही. व्हिक्टोरिया या ॲमेझॉनमधील कमलिनीचे फूल सायंकाळी उमलते, आणि त्या वेळी बागेची दारे बंद होत असतात. पहिल्या रात्री ते पांढरे आणि सुगंधी असते. आतून ते स्वतःला उबदार ठेवते, त्यामुळे भुंगेरे आत शिरतात आणि पहाटेकडे पाकळ्या मिटल्यावर अडकून पडतात. दुसऱ्या सायंकाळी फूल गुलाबी होऊन उघडते आणि परागांनी माखलेले भुंगेरे दुसऱ्या पांढऱ्या फुलाकडे निघून जातात. दिवसा दिसते ते बहुधा मिटलेले किंवा कोमेजणारे फूल. म्हणून मुलांना फुलापेक्षा पान दाखवावे. दोन मीटरांहूनही रुंद होणाऱ्या त्या पानाच्या खालच्या बाजूला जाड शिरांचे जाळे आणि काटे असतात. माळ्याने एखादे जुने पान काढून ठेवले असेल तर ते उलटे करून दाखवण्याची विनंती करावी. वर ज्या पॅक्स्टन यांचा उल्लेख आला, त्यांनी १८४९ साली हे कमळ इंग्लंडमध्ये फुलवले आणि त्याच्या पानाच्या शिरांवरून काचेच्या मोठ्या छताचा सांगाडा सुचल्याचे सांगितले. पुढे त्यांनी लंडनला जो काचेचा स्फटिकमहाल (क्रिस्टल पॅलेस) उभारला, त्याच्या धर्तीवर लालबागचे काचघर आहे.

मुले कंटाळतात, त्याचे कारण आपण त्यांना एकसारखे पुढे चालवत नेतो आणि नावे पाठ करायला सांगतो, असे मला वाटते. पाचवी ते सातवीच्या मुलांना गटागटाने एकेक काम द्यावे : खोडावरच फळ धरणारी झाडे शोधा (फणस आणि उंबर ती ओळखतातच, कैलासपती आणि कोको पाहून चकित होतील), टोकाला शेपटीसारखे निमुळते झालेले पान शोधा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकून तो कसा ओघळतो ते पाहा, पाटी न वाचता दोन वडवर्गीय झाडे ओळखा. पाने तोडू देऊ नयेत, पडलेली उचलावीत आणि वहीत रेखाटावीत. आणि डबा खाण्याची जागा आधी ठरवून ठेवावी, नाहीतर सगळे लक्ष तिकडेच राहते.

प्रश्न (शिरपूर) : हावडा किंवा परदेश आम्हाला जमणारा नाही. दोन दिवसांत जाऊन येण्याजोगे काही आहे का?

उत्तर : आहे, आणि आपण ते बहुधा पाहिलेलेही असेल. मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, लोक प्राण्यांसाठी आणि अलीकडे पेंग्विनसाठी पाहतात. परंतु १८६२ साली खुली झालेली ही बाग मुळात वनस्पती उद्यान आहे आणि मुंबईतील दुर्मीळ झाडांचा इतका जुना आणि दाट संग्रह इतरत्र क्वचितच आढळेल. फुगीर बुंध्याची आफ्रिकेतील गोरखचिंच आणि कैलासपती तेथे आहेत. सर्वांत देखणे झाड ब्रह्मदेशातील उर्वशीचे. वर लिहिलेल्या हावड्याच्या उद्यानाचे प्रमुख नॅथॅनियल वॉलिच यांनी ते शास्त्राला ज्ञात करून दिले. त्याच्या लोंबत्या तांबड्या फुलोऱ्यांसाठी हिवाळ्याच्या अखेरीस जावे. प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे जाणारी गर्दी टाळून जुन्या झाडांच्या वाटांनी फिरले तर अर्धी सकाळ सहज निघते. दादरला उतरून लोकलने भायखळा स्थानक गाठावे, तेथून बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बुधवारी ती बंद असते.